आईसमोर हा अध्याय कसा वाचू?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे गृहस्थ पंचेचाळिशीचे, मूळचे सांगली जिल्ह्यातले, नोकरीला पुण्यात. गावच्या घरी दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह होतो, तिसरी पिढी. पोथीवर वडील बसायचे. ते गेले. वर्षश्राद्ध होईपर्यंत सप्ताह बंद होता, यंदा पुन्हा सुरू करायचाय आणि वाचायला यांनी बसायचं ठरलंय. सराव म्हणून पोथी उघडली आणि एकतिसाव्या-बत्तिसाव्या अध्यायापाशी अडकले. पतिव्रतेचे नियम, सहगमनाचं म्हणजे सती जाण्याचं माहात्म्य आणि मग विधवेने कसं राहायचं ते: एकवेळ जेवायचं, पलंगावर निजायचं नाही, केशवपन करायचं. ऐकायला समोर आई असणार. पंधरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, हे तुम्ही आजीसमोर वाचणार?" काकांचं म्हणणं, एक ओवी गाळली तरी पारायण खंडित होतं, आणि बायकांनी तर गुरुचरित्र वाचायचंच नसतं. पुढे ते लिहितात: "महाराजांवर माझी श्रद्धा आहे. हे वाचलं तर आईचा अपमान, गाळलं तर वडिलांचा. हा भाग मागाहून घुसडलेला आहे असं धरता येईल का? की यात काही गूढ अर्थ आहे, जो मला कळत नाही?" आणि शेवटी एक ओळ: "लहानपणी आमची आत्या, ऐन तारुण्यात विधवा झालेली, स्वयंपाकघराच्या दाराआड बसून पोथी ऐकायची, तेव्हा मला हे कधी जाणवलं नव्हतं."

उत्तर:

गूढ अर्थापासूनच सुरुवात करते, कारण तिथे तुमची आशा गुंतलेली दिसते. नाही, तसा काही अर्थ नाही. केस म्हणजे अहंकार, पलंग म्हणजे विषयवासना अशी प्रवचनं निघू शकतात, निघालेलीही असतील. पण त्या ओव्या ऐकून ज्या बायका शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत न्हाव्यासमोर बसवल्या गेल्या, त्यांचा अहंकार कोणी भादरला नाही, डोकं भादरलं. पोथीला जे म्हणायचं होतं ते तिने सरळ म्हटलंय आणि समाजाने ते सरळच ऐकलं.

आता गोष्ट नीट पाहू, कारण अडलेला माणूस बहुतेक वेळा तेवढ्या दहा-वीस ओव्याच पुनःपुन्हा वाचतो. माहूरच्या एका घरचा मुलगा क्षयाने खंगतोय. बायको त्याला घेऊन गाणगापूरला महाराजांकडे, म्हणजे नृसिंह सरस्वतींकडे, निघते आणि पोचता पोचता तो जातो. ती धाय मोकलून रडत असताना एक यती येतो आणि तिला स्त्रीधर्म सांगू लागतो. तो सांगतो म्हणजे काय, जुनं निरूपण सांगतो: काशीत अगस्तींच्या आश्रमात देव गेले, तिथे बृहस्पतीने अगस्तींच्या पत्नीची, लोपामुद्रेची, स्तुती करताना पतिव्रतेचे नियम सांगितले. हा मजकूर स्कंदपुराणाच्या काशीखंडातून आलाय. म्हणजे पोथीतला निवेदक सिद्ध आपल्या शिष्याला, नामधारकाला, सांगतोय, त्याच्या गोष्टीत यती सांगतोय, यतीच्या सांगण्यात बृहस्पती बोलतोय. यावरून काही जण म्हणतात, पाहा, हे महाराजांचे शब्दच नव्हेत. मला ही पळवाट पटत नाही. पुढच्याच अध्यायात उघड होतं की तो यती म्हणजे महाराजच. पोथीने ती वाट स्वतःच बंद केली आहे.

प्रक्षिप्ताचंही, म्हणजे मागाहून घुसडल्याच्या शंकेचंही, तसंच. रामायणात तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा राम वध करतो, त्याबद्दल अभ्यासक सांगतात की उत्तरकांड मागाहून जोडलेलं आहे, आणि त्याला आधारही आहेत. इतिहास म्हणून हे जाणून घ्यावंच. पण मागाहून आलेल्या ओळीही लोकांनी तितक्याच भक्तीने पाळल्या. शिवाय इथे तोही आधार नाही. कथेचा सगळा डोलारा या निरूपणावर उभा आहे, ते काढलं तर तीन अध्याय कोसळतात.

आता काशीखंडातल्या त्याच प्रकरणातली एक ओळ सांगते. तिथे म्हटलंय, सगळ्या अमंगळांत विधवा अधिक अमंगळ, तिचं दर्शन झालं तर कार्यसिद्धी होत नाही, शहाण्याने तिचा आशीर्वादही सापाच्या विषासारखा टाळावा. आणि मधेच एक अपवाद: स्वतःची आई सोडून.

हे लिहिणाऱ्याचा हात तिथे अडखळला असणार. सगळ्या विधवा अमंगळ, फक्त माझी आई नाही. पण प्रत्येक विधवा कोणाची तरी आई असते, आणि जिला मूल नाही ती कोणाची तरी बहीण, मावशी, आत्या असते. नियम करणाऱ्याला तो आपल्या घरात लावता आला नाही आणि तरीही त्याने तो लिहून ठेवला.

रागावू नका, पण तुमच्या पत्रातही तोच अपवाद आहे. तुम्ही हे अध्याय दरवर्षी ऐकत आलात. दाराआड एक बाई बसलेली होती. तुमच्या वडिलांची सख्खी बहीण. वडिलांनी त्या ओव्या खणखणीत आवाजात वाचल्या, घरातल्या सगळ्यांनी हात जोडून ऐकल्या, आणि नैवेद्याचा स्वयंपाक बहुधा तिनेच केलेला असेल. तेव्हा कोणालाच काही टोचलं नाही. आज ती जागा आईवर आली तेव्हा टोचलं. यात तुमचं पाप शोधत नाहीये मी, लहान होतात. आपल्याला अन्याय कळतो तो बहुतेक असाच, आपल्या उंबऱ्याच्या आत आल्यावर. फक्त 'हे वाचलं तर आईचा अपमान' असं तुम्ही लिहिलंय, ते अपुरं आहे. तो अपमान आधीपासून होत होता. आत्या अजून आहेत का, ते पत्रात नाही. असतील तर त्यांच्याकडे आधी जा. काय विचारायचं हे मी सांगायला नको. "आत्या, तू तेव्हा ऐकायचीस, तुला काय वाटायचं?" एवढं पुरे.

आईलाही विचारा. तुम्ही, तुमची मुलगी, काका, सगळ्यांनी त्यांच्या वतीने काहीतरी ठरवलंय, पण त्यांचं मत पत्रात कुठेच नाही. तुम्ही धरून चाललात की त्यांना केशवपनाच्या ओव्या लागतील. लागतील किंवा नाहीही लागणार. त्यांनी त्या जन्मभर ऐकल्या आहेत आणि त्यातलं काही आज कोणी पाळत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मला भीती आहे ती वेगळ्याच जागेची. ती बाई सती जायला निघते, जाण्याआधी महाराजांच्या पाया पडते आणि त्यांच्या तोंडून आशीर्वाद निघतो, सौभाग्यवती हो, आठ पुत्रांची आई हो. लोक म्हणतात, अहो, हिचा नवरा गेलाय. मग प्रेत आणवतात, तीर्थ शिंपडतात आणि तो झोपेतून उठावा तसा उठून बसतो. आजवर सगळ्या घराने इथे डोळे पुसले असतील. पण जिचा नवरा उठला नाही, तिने ही गोष्ट कशी ऐकायची? आपली सेवा कमी पडली, असं तर त्यांच्या मनात येणार नाही? मला तुमच्या जागी याची काळजी वाटली असती, नियमांपेक्षा जास्त.

आणि पोथीचं खरं उणं मला तिथेच दिसतं. महाराज त्या बाईला चितेपासून वाचवतात, हे मोठंच. पण विधवा म्हणून ती मानाने जगेल अशी वाट पोथीला सुचत नाही. एक तर चिता, नाही तर पलंगाविना-केसांविना आयुष्य, नाही तर चमत्कार. चौथी वाट त्या काळातल्या भक्त कवीच्या नजरेत नव्हती. पोथी रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांवर यासाठी खटला भरण्यात अर्थ नाही, पण त्यांच्या नजरेची हद्द ती आपलीही हद्द, असं मानायचं कारण नाही.

ज्या लोपामुद्रेचं नाव घेऊन हे सगळं सांगितलंय, तिचीच गंमत बघा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात तिचं सूक्त आहे, १७९वं. तिथे ती स्वतः बोलते. अनेक शरद राबून मी थकले, म्हातारपण शरीराची शोभा नेतंय, आता तरी नवऱ्याने बायकोजवळ यावं, असं अगस्तीला रोखठोक ऐकवते. पुराणात येईपर्यंत तिला नवऱ्याच्या मागून जेवणारी आणि त्याच्या आधी उठणारी करून टाकलं. काका 'शास्त्रात आहे' म्हणतील तेव्हा शास्त्रात हीदेखील आहे.

"पोथीत चूक आहे असं म्हणणारा मी कोण?" हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून वाचता येतं. मराठी माणसाला हा प्रश्न पडू नये. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव वेदाबद्दल काय म्हणतात?

वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं ।
जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥

वेद श्रीमंत खरा, पण त्याच्याइतका कंजूष दुसरा नाही. तिघांच्याच कानाशी लागला आणि स्त्री-शूद्रांना दाराबाहेर ठेवलं. आणि मग म्हणतात, हे मागचं उणं भरून काढायला तोच वेद गीता होऊन आला. सातशे वर्षांपूर्वी वेदाला उणं म्हणणारा हा माणूस नास्तिक नव्हता, आपण त्याला माउली म्हणतो. स्मृतींचंही तेच. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे की ज्याच्या परिणामी दुःख होतं, ज्याच्या नावाने लोक आक्रोश करतात, असा धर्मही सोडून द्यावा. त्याच मनुस्मृतीत बायकांविषयी काय काय लिहिलंय हे मला माहीत आहे, आणि १९२७ साली महाडला ती का जाळली तेही. तरी हा श्लोक तिथे आहे आणि तो काकांना दाखवण्यासारखा आहे.

हे सगळं वाचून झालं की एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. केशवपन थांबलं ते कोणी नवा अर्थ लावला म्हणून नव्हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारलं, नवऱ्याला देव म्हणायचं तर त्याने देवासारखं वागायला नको का? मुंबईत १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणाले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं आणि आपल्या मुरूड गावाचा बहिष्कार सोसला. पंडित वाद घालत राहिले. फरक पडला तो कोणीतरी हात आखडता घेतला तेव्हा. अलीकडचं उदाहरण तर तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. शिरोळ तालुक्यात, जिथे नरसोबाची वाडी हे दत्तक्षेत्र आहे त्याच तालुक्यात, हेरवाड गावाने मे २०२२मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं पत्रक काढलं. त्या गावात दत्तभक्त नसतील असं वाटतं तुम्हाला?

आता सप्ताहाचं. तुमच्यापुढे वाटा अनेक आहेत, आणि 'एक ओवी गाळली तर खंडित' हे काका म्हणतात तितकं लोखंडी नाही. छापील प्रतींतच कुठे ५१ अध्याय, कुठे ५२, कुठे ५३. टेंबे स्वामींनी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींनी, सात हजारांवर ओव्यांचा ग्रंथ सातशेच्या आसपास ओव्यांत आणला. कितीतरी घरांत वर्षभर फक्त चौदावा किंवा अठरावा अध्याय वाचतात आणि तीही सेवाच मानतात. त्यामुळे आईने किंवा आत्याने सांगितलं, "नको रे वाचूस ते," तर गाळा. बेलाशक गाळा. फक्त पुटपुटत, पानं उलटत, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने गाळू नका. मोठ्याने सांगा, "हे दोन अध्याय आमच्या घरात वाचणार नाही," आणि पुढे चला.

त्यांची हरकत नसेल, तर माझा कल वाचण्याकडे आहे. गाळलं तर तुमच्या मुलीला पुढे कळणार कसं की आजीच्या नणंदेला दाराआड का बसावं लागलं? सगळं गोड करून पोथी पुढच्या पिढीच्या हातात दिली तर ती पिढी म्हणेल, आमच्यात असं काही नव्हतंच. असं म्हणणारे आत्ताच पुष्कळ झाले आहेत. चौथ्या दिवशी हे अध्याय येतील. बत्तिसावा संपला की पुढे सरकू नका. पोथी तशीच उघडी ठेवा आणि तुमच्या शब्दांत दोन वाक्यं बोला. उदाहरणार्थ: "हे नियम आमच्या घरात पूर्वी पाळले गेले, ते चुकीचे होते. आई आणि आत्या आमच्यासाठी मंगलच आहेत." भाषण नको. मग त्या दोघींच्या पाया पडा आणि तेहतिसावा सुरू करा. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण सोपं नाही. आदल्या दिवशी एकदा म्हणून बघा, आवाज फुटतो का ते.

बोलण्यापेक्षा जास्त दिसतं ते वागणं. आत्यांची जागा बाहेर, चौरंगासमोर. पहिल्या दिवशी संकल्पाला बसाल तेव्हा समई आईंना लावू दे. सातव्या दिवशी समाराधनेला सवाष्ण-ब्राह्मण सांगता ना? पहिलं पान आईंचं आणि आत्यांचं वाढा, घेवड्याच्या भाजीसकट. हळदीकुंकू त्यांना हवं असेल तर लावा. नको म्हणाल्या तर आग्रह करू नका. त्यांच्या कपाळाचा निर्णय आपण घ्यायचा, मग तो पुसण्याचा असो की लावण्याचा, ही सवयच सुटायला हवी. आणि मुलगी. तिने एवढा नेमका प्रश्न विचारलाय, तर तिला रोज एक तरी अध्याय वाचू द्या. आज किती घरांत बायका सप्ताह करतात ते काकांनाही माहीत आहे.

ज्यांची पोथी वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडंसं. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बत्तिसाव्या श्लोकात 'पापयोनी'च्या जोडीने बायका, वैश्य, शूद्र येतात, तिथे अडणारे असतात, बायका-शूद्रांना ताडनाचे अधिकारी म्हणणाऱ्या तुलसीदासांच्या 'ढोल गंवार'पाशी अडणारे असतात. बायकांनी मंडळीत गप्प राहावं या पौलाच्या पत्रातल्या ओळींविषयी ख्रिस्ती वाचकही विचारतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की आधी मागचं-पुढचं सगळं वाचा, कोण कोणाला सांगतंय ते बघा, त्याच ग्रंथात त्याच्या उलट बोलणारं कोण आहे ते शोधा. बऱ्याचदा सापडतं. सापडलं नाही तर ओढूनताणून अर्थ काढू नका. 'हे मला मान्य नाही' हे वाक्य देवासमोर म्हणता येतं. जो देव ते ऐकून कोपेल त्याची एवढी भीड का ठेवायची, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

राहता राहिले काका. त्यांना हे सगळं चौथ्या दिवशी सकाळी सांगू नका, सप्ताहाच्या आधी एखाद्या रविवारी गावी जाऊन सांगा. ते वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना भावाची आठवण जशीच्या तशी हवी आहे, आणि 'खंडित' या शब्दामागे मला पोथीपेक्षा तेच जास्त ऐकू येतं. पोथी, बासन, वाचायची चाल, सगळं वडिलांचंच राहील हे त्यांना सांगा. मग आत्यांशी तुमचं काय बोलणं झालं तेही सांगा. ती त्यांचीही बहीण आहे, आणि तिला कोणी विचारलं हे त्यांनाही पहिल्यांदाच कळेल. तरी नाहीच ऐकलं तर वाद घालू नका. यंदा पोथीवर तुम्ही बसणार आहात.